छोटी चाचणी, पक्की आठवण

वाशीम : परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चारदा वाचला, तरी आठवड्याने आठवत नाही. असे का?

संशोधन काय सांगते?
अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला.

राज्यात काय झाले?
कोरोनाकाळात, नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही व्हॉट्सअ‍ॅपवरील साप्ताहिक प्रश्नमंजूषा सुरू झाली. पण ज्या घरात स्मार्टफोनच नाही, तिथे ती पोहोचणार कशी?

वर्गात काय करावे?
वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात पाटीही पुरते. तासाच्या सुरुवातीला कालच्या धड्यावर तीन प्रश्न विचारावेत, उत्तरे लगेच सांगावीत. गुण मात्र नोंदवू नयेत. गुणांची भीती शिरली की मुले कॉपी करतात आणि चूक लपून राहते.