नवस, एस. टी. आणि प्रेक्षकांचे हसू

‘नवरा माझा नवसाचा’ हा सचिन पिळगांवकर यांचा २००४ सालचा विनोदी बोलपट. मुलगा झाल्यास त्यास विवस्त्र स्थितीत गणपतीपुळ्यास दर्शनाला नेईन, असा नवस बाप बोलून बसतो. तो फेडावयाचा राहून जातो, आणि मुलगा संसारी गृहस्थ झाल्यावर त्याची पत्नी नवसाचा आग्रह धरते. मग मुंबईहून कोंकणाकडे निघालेल्या एस. टी.त सारी धांदल उडते.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कंधारच्या प्रेक्षकास या प्रवासाचे हसू का यावे? वास्तविक समुद्राचे तेथे कामच नाही. जवळच माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. नवस बोलणारा एक व फेडणारा दुसरा, हा प्रकार त्या मुलखात कोणास समजावून द्यावा लागत नाही. सरकारी मोटारीचेही तेथे नवल नाही. मुंबई प्रांतात एस. टी. १९४८ साली सुरू झाली. निजामाच्या राज्यात तशी गाडी १९३२ सालापासून धावत होती.

प्रेक्षक हसतो तो देवाला नव्हे. बोललेला शब्द मोडवत नाही आणि चारचौघांतली लाजही सोडवत नाही, अशा पेचात सापडलेल्या भल्या माणसाला तो हसतो. अशोक सराफ यांचा कंडक्टर सर्वांस सारखेच तिकीट देतो व सारखाच दरडावतो. प्रेक्षकास सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. असा नवस फेडावा की सोडून द्यावा, हा वाद मात्र खेळ संपल्यावर घरोघरी रंगतो. तेव्हा सासूबाई कोणत्या पक्षाच्या, याची चौकशी जावयाने आधीच करून ठेवलेली बरी.