महोनिया : सदाहरित झुडपाची ओळख व लागवड

काटेरी झुडूप दिसले की मनुष्य हात मागे घेतो. वनस्पतींच्या अभ्यासकाने मात्र अशा वेळी स्वतःस एक प्रश्न विचारावा : काटा कोठे आहे? तो फांदीवर आहे, की पानाच्या कडेवर? दारुहळद व महोनिया या एकाच कुलातील दोन निकटच्या वनस्पतींमधील भेद या साध्या प्रश्नाच्या उत्तरात सामावलेला आहे.

दारुहळदीच्या, म्हणजे बर्बेरिस वंशातील झुडपांच्या फांद्यांवर काटे असतात. काटा बहुधा तीन टोकांचा असून तो पानाचेच रूपांतर होय. पाने साधी असतात. महोनियाच्या फांदीवर काटा नसतो. तिचे पान लांब असून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस दलांच्या जोड्या व टोकास एक दल असते. अशा पानास पिच्छाकृती संयुक्त पान म्हणतात. दले जाड, चिवट व चकचकीत असतात आणि त्यांच्या कडांवरील दात काट्याप्रमाणे बोचतात.

नवशिक्यास एकेक दल हेच पान वाटण्याचा संभव असतो. हा भ्रम टाळण्यासाठी कळी कोठे आहे ते पाहावे. पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते. दलाच्या बगलेत ती कधीही नसते.

खोडाच्या रंगावर विसंबून चालत नाही. साल थोडी खरवडली असता दोन्ही झुडपांचे काष्ठ पिवळे दिसते. हा पिवळेपणा मुख्यतः बर्बेरीन नावाच्या द्रव्यामुळे येतो. दक्षिण भारतात दारुहळदीच्या नावाने विकली जाणारी एक वेल तर सर्वस्वी वेगळ्या कुलातील आहे. तिचेही काष्ठ पिवळेच असते. म्हणून केवळ वाळलेला तुकडा पाहून वनस्पतीचे नाव सांगू नये.

फुले आली म्हणजे ओळख अधिक पक्की होते. फांदीच्या शेंड्याशी लहान पिवळ्या फुलांच्या मंजऱ्या झुपक्याने येतात. फुलात नऊ संदले, सहा प्रदले व सहा केसरदले असतात. केसरदलाच्या तळाशी टाचणीचे टोक हलकेच लावले असता ते झटकन आत वळते. मधासाठी आलेल्या कीटकाच्या अंगास पराग लागावा, अशी ही योजना आहे. पुढे निळसर काळी मृदुफळे धरतात व त्यांवर पांढुरकी लव्हाळी नव्हे, तर मेणाचा पातळ थर असतो. बोटाने पुसला की तो निघून जातो.

या वंशाचे नाव बर्नार्ड मॅकमॅहन या फिलाडेल्फिया येथील रोपवाटिकेच्या चालकाच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. लुइस व क्लार्क यांच्या 1804 ते 1806 या काळातील मोहिमेतून आलेली बियाणी त्याने वाढविली होती. थॉमस नटॉल याने 1818 साली वंशास महोनिया हे नाव दिले. आजही काही शास्त्रज्ञ या वंशाचा समावेश बर्बेरिसमध्येच करतात. भारतात महोनिया हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणी डोंगरांच्या उंच भागांत आढळते.

ही ओळख केवळ नावापुरती नाही. तिचा गव्हाच्या पिकाशीही संबंध आहे. गव्हाच्या खोडावरील काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनचक्राचा काही भाग बर्बेरिसवर घालविते, हे जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी याने 1865 च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. अमेरिकेत 1918 साली बर्बेरिस उपटून टाकण्याची मोठी मोहीम सुरू झाली. महोनियाच्या काही जातींवरही ही बुरशी वाढते. परंतु ऑरेगन द्राक्ष या नावाने प्रसिद्ध असलेली महोनिया तिला दाद देत नाही. आपल्याकडे आग्रा येथील के. सी. मेहता यांच्या संशोधनातून निराळी गोष्ट दिसून आली : भारतात या रोगाच्या प्रसारात बर्बेरिसचा वाटा जवळजवळ नाही, तांबेरा डोंगराळ भागातील गव्हावर टिकून राहतो व तेथून मैदानात पसरतो. तेव्हा परदेशातील दाखला घेऊन येथील झुडपांवर कुऱ्हाड चालविण्यास आधार नाही.

महोनियास खरा धोका कुदळीचा आहे. पिवळ्या काष्ठासाठी मूळच खणून काढले, तर सावकाश वाढणारे झुडूप कायमचे नाहीसे होते. ज्यास ती हवी असेल त्याने रानातील रोप न उपटता बी पेरावे, हाच योग्य मार्ग होय.

पक्व फळे चोळून गर धुवून टाकावा व बी वाळू न देता लगेच पेरावे. माती भुसभुशीत, पानकुजीचे खत मिसळलेली व पाण्याचा निचरा होणारी असावी. बियांस थंडीचा काळ लाभल्यावर त्या अधिक चांगल्या उगवतात. डोंगरावरील हिवाळ्यात हे आपोआप घडते. अन्यत्र बी ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन महिने शीतकपाटात ठेवावे. रोपे लहान असतानाच, मुळांभोवतालच्या मातीसह, कायम जागी लावावीत. मोठ्या झुडपास स्थलांतर मानवत नाही. जागा अर्धवट सावलीची व थंड हवेची निवडावी. मुळाशी पाणी साचू देऊ नये. छाटणी करावयाची झाल्यास ती फुलांचा बहर ओसरल्यावर करावी.

मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळा या झुडपास सोसत नाही. म्हणून तेथील शाळांनी बागेत ती लावण्याचा हट्ट धरू नये. सहलीच्या निमित्ताने थंड हवेच्या डोंगरावर गेल्यास विद्यार्थ्यांनी पान, कळी व फूल पाहून तिची ओळख पटवावी, वहीत आकृती काढावी आणि झुडूप जागच्या जागी राहू द्यावे.