सायकलचा घट्ट टायर रिमवर बसवणे

सायकलचा टायर रिमवर बसवणे ही सायकलच्या देखभालीतील एक मूलभूत क्रिया आहे. काही टायर इतके घट्ट असतात की त्यांचा शेवटचा वीतभर भाग रिमच्या कडेवरून आत जात नाही. अशा वेळी अधिक जोर लावण्याऐवजी रिमच्या मध्यभागी असलेल्या चराचा उपयोग करावा लागतो.

रचना
टायरच्या दोन्ही काठांत बहुधा पोलादी तार असते. हवेच्या दाबाने टायर रुंदावून रिमबाहेर पडू नये, म्हणून ही तार न ताणली जाणारी असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून मोठी करतात आणि बसवल्यावर पाण्याने थंड करून आवळतात. रबरी टायर असा तापवता येत नाही, म्हणून रिमच्या मध्यभागी खोल चर ठेवलेला असतो. काठ एका बाजूस चरात उतरला की विरुद्ध बाजूस ढिलाई मिळते. काठाच्या बैठकीचा व्यास ६२२ मिमी असून चर तिच्यापेक्षा ३ मिमी खोल असल्यास चरातील परीघ सुमारे १९ मिमीने कमी भरतो.

इतिहास
जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेले हवेचे टायर रिमला चिकटवून बसवले जात. त्यामुळे पंक्चर काढणे कष्टाचे होते. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० मध्ये तारेचे काठ आणि मध्यभागी खोल असलेली रिम यांचे पेटंट घेतले. आजचे बहुतेक टायर याच तत्त्वावर आधारित आहेत.

आकारमान
इंचांतील आकडा फसवा असू शकतो. भारतातील पारंपरिक २८ × १½ इंची टायरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिमी असतो. २६ × १⅜ इंची टायरचा ५९० मिमी, तर २६ इंचीच म्हटल्या जाणाऱ्या माउंटन सायकलच्या टायरचा ५५९ मिमी असतो. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरमधील आकडा रिमशी जुळवून पाहावा.

कृती
१. टायरचा एक काठ रिमवर पूर्ण चढवावा.
२. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरून ती आत बसवावी. नंतर ती हवाही सोडून द्यावी.
३. दुसरा काठ व्हॉल्व्हच्या समोरील बाजूपासून चढवत दोन्हीकडून व्हॉल्व्हपाशी आणावा. व्हॉल्व्हच्या जाड बुडामुळे तेथे काठ चरात उतरत नाही, म्हणून तो भाग शेवटी ठेवतात.
४. शेवटचा भाग अडल्यास चढवलेला काठ सर्वत्र चिमटीत धरून चरात ढकलावा आणि मिळालेली ढिलाई तळव्यांनी अडलेल्या भागाकडे सरकवावी.
५. तरीही अडचण आल्यास काठाला साबणाचे पाणी लावावे. लिव्हर हा शेवटचा उपाय होय, कारण त्याखाली ट्यूब चिमटून तिला छिद्र पडते.

रिमची पट्टी फार जाड असल्यास चर उथळ होतो आणि टायर अधिक घट्ट वाटतो. मालवणसारख्या किनारी भागात खाऱ्या, दमट हवेने पोलादी रिम लवकर गंजते. खरखरीत गंज काठाला अडवतो व ट्यूब घासतो, म्हणून तो आधी काढून टाकावा.

सुरक्षितता
व्हॉल्व्ह किंचित आत ढकलून ट्यूब काठाखाली अडकलेली नाही, याची खात्री करावी. थोडी हवा भरून टायरच्या बाजूवरील रेषा रिमपासून सर्वत्र समान अंतरावर आहे का ते पाहावे. मगच टायरवर छापलेल्या मर्यादेत पूर्ण हवा भरावी. आंबोली, करूळ किंवा फोंडा यांसारखे घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास रिमवर घासणाऱ्या ब्रेकमुळे रिम तापते आणि टायरमधील दाब वाढतो. नीट न बसलेला टायर अशा वेळी रिमवरून सुटू शकतो. पुढच्या चाकाच्या बाबतीत हे विशेष धोकादायक असते, कारण सायकलवरील ताबा तत्काळ सुटतो.