परसबाग : वन्यजीवांचा अधिवास

घराभोवतालची बाग नीटनेटकी असावी, हिरवळ एकसारखी कापलेली असावी आणि गळलेली पाने रोजच्या रोज उचलली जावीत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अशी बाग डोळ्यांना सुखावते. परंतु तिच्यात पक्ष्याला खायला फळ नसते, फुलपाखराला अंडी घालायला योग्य पान नसते आणि मे महिन्यातील दुपारी तहान भागवायला पाणी नसते. बाग किती सुंदर आहे याऐवजी ती किती जीवांच्या उपयोगी पडते, हे पाहून प्रमाणपत्र देण्याची एक पद्धत पन्नासहून अधिक वर्षे प्रचलित आहे. तिचे निकष समजून घेतले, तर रायपूरमधील लहानशा परसबागेलाही ते लावून पाहता येतात.

प्रमाणपत्राची पद्धत

अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन या संस्थेची स्थापना १९३६ साली झाली. १९७३ साली तिने घरगुती बागांना वन्यजीवांचा अधिवास म्हणून प्रमाणित करण्याचा उपक्रम सुरू केला. अन्न, पाणी, आसरा, पिलांच्या संगोपनासाठी जागा आणि निसर्गाला अपाय न करणारी मशागत हे त्याचे पाच निकष होत. जागा किती असावी याचे बंधन नाही. घराची गच्ची, शाळेचे आवार किंवा शेत, कोणतीही जागा पात्र ठरू शकते. घरमालक स्वतः सूची भरतो, अल्प शुल्क देतो आणि त्याला प्रमाणपत्र मिळते. प्रत्यक्ष पाहणी होत नाही; सारा व्यवहार विश्वासावर चालतो.

प्रमाणपत्रासोबत बागेत लावण्यासाठी फलकही घेता येतो आणि त्याचा उपयोग केवळ शोभेपुरता नसतो. वाढू दिलेले गवत व न उचललेला पालापाचोळा शेजाऱ्यांना आळसाचे लक्षण वाटू शकते. ही जागा हेतुपूर्वक अशी राखली आहे, हे फलक सांगतो.

रायपूरच्या परसात हे निकष

रायपूरमध्ये मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आहेत. मराठी घराच्या परसात लिंबू, कढीपत्ता, बेल, तुळस, शेवगा ही झाडे हमखास असतात. घराजवळील अशा जागेला छत्तीसगढी भाषेत ‘बारी’ म्हणतात. हीच झाडे पहिल्या निकषाचा, म्हणजे अन्नाचा, पाया आहेत. लिंबू, कढीपत्ता व बेल यांच्या पानांवर काही देखणी फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ‘नीलवंत’ याच वनस्पतिकुळावर वाढते. बहावा, रुई, पेरू आणि तुती यांची भर घातली, तर मधमाश्यांपासून बुलबुलापर्यंत अनेकांची सोय होते. मात्र सुरवंट पाने खाणारच. कुरतडलेले पान दिसताच औषध फवारणाऱ्याने फुलपाखराची आशा धरू नये. दाणे टिपणारी चिमणीदेखील आपल्या पिलांना अळ्या व किडेच भरवते, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा निकष पाण्याचा. रायपूर हे तलावांचे शहर. बूढा तलाव आणि तेलीबांधा ही नावे सर्वपरिचित आहेत. परंतु येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी सावलीत ठेवलेले मातीचे उथळ पात्र पुरेसे होते. पाण्याची खोली दोन इंचांहून अधिक नसावी आणि मधमाशीला बसता यावे म्हणून त्यात एखादा खडबडीत दगड ठेवावा. डासांच्या अळ्यांची पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून दर दोन दिवसांनी पात्र घासून पाणी बदलल्यास डेंग्यूच्या डासांचे भय राहत नाही.

आसरा आणि संगोपन हे पुढील दोन निकष. दाट मेंदीचे कुंपण, वेल आणि पालापाचोळा यांतून आसरा मिळतो. तांबट पक्षी वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो. त्यामुळे पडण्याचा धोका नसलेली वठलेली फांदी राखून ठेवणे हितावह असते. शिंपी पक्षी रुंद पाने शिवून घरटे करतो. अनेक एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना घरट्यासाठी उघडी माती लागते. म्हणून सर्व अंगणाला फरशी घालू नये. चिमण्यांसाठी सुमारे सव्वा इंच व्यासाचे छिद्र असलेली लाकडी पेटी सावलीत, मांजराच्या आवाक्याबाहेर टांगावी.

येथे सापाची भीती अनेकांच्या मनात येते आणि ती अनाठायी नाही. लाकडांचा किंवा पाल्याचा ढीग घराच्या भिंतीला लागून न ठेवता आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावा. दारापासून त्या कोपऱ्यापर्यंतची वाट मोकळी राखावी आणि रात्री विजेरीशिवाय तिकडे जाऊ नये. अधिवास जपणे म्हणजे सावधगिरी सोडणे नव्हे.

पाचवा निकष मशागतीचा आहे. रासायनिक कीटकनाशके टाळणे, पाल्याचे खत करणे, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे आणि पसरणाऱ्या परदेशी वनस्पती आवरणे या गोष्टी त्यात येतात. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे. पण ती देशी झाडोऱ्याची जागा बळकावते, म्हणून ती मुद्दाम लावू नये.

भारतातील अधिकृत नोंद

घरगुती बागेला असे प्रमाणपत्र देणारी सरकारी योजना भारतात नाही. मोठ्या उद्यानांसाठी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची हरित मानांकन पद्धत आहे. कायद्याचा आधार मात्र जैविक विविधता अधिनियम, २००२ या कायद्यात सापडतो. त्याच्या कलम ३७ नुसार राज्य शासन एखाद्या क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. पुण्यातील १८७३ साली उभारलेल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० साली हा दर्जा मिळाला. माणसाने लावलेली बागही वारसा ठरू शकते, याचे ते उदाहरण होय. हरियाणातील गुरुग्राम येथे खाणकामाने उजाड झालेल्या भूमीवर पुन्हा देशी वन उभे करण्यात आले. त्या अरवली जैवविविधता उद्यानाला २०२२ साली, अभयारण्यांबाहेरील संवर्धनक्षेत्र म्हणून देशातील पहिली मान्यता मिळाली.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने अधिक जवळची तरतूद कलम ४१ ची आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे महानगरपालिकेनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी, असे हे कलम सांगते. परिसरातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम असते. परसातील पक्षी आणि फुलपाखरांची तारीखवार नोंद ठेवणारे कुटुंब या नोंदवहीसाठी मोलाची माहिती पुरवू शकते. खातेपुस्तकात प्रत्येक जमेची नोंद तारखेसह होते, तशीच ही वहीही असावी : कोणता पक्षी, कोणत्या झाडावर, किती वाजता, घरटे होते किंवा नाही. एका वर्षाच्या नोंदीतून ऋतुचक्र दिसते. पाच-सात वर्षांच्या नोंदींतून काय वाढले आणि काय नाहीसे झाले, हे उमगते.

आरंभ कोठून करावा

रायपूरला लागून वसलेल्या नवा रायपूरमध्ये १ नोव्हेंबर २०१६ रोजी सुमारे ३२० हेक्टरांवरील जंगल सफारी खुली झाली. तेथे प्राणी आणून सांभाळले जातात. परसातील जीव मात्र आपल्या मर्जीने येतात आणि सोय नसेल, तर येत नाहीत. म्हणून प्रथम महिनाभर फक्त निरीक्षण करावे, पाच निकषांपैकी कोणता उणा आहे ते पाहावे आणि त्यापासून सुरुवात करावी. उन्हाळा असेल तर पाण्याचे पात्र, पावसाळा असेल तर देशी रोप. बँकेच्या शाखांची आवारे आणि कर्मचारी वसाहती यांनाही हाच क्रम लागू पडेल. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत आवाराचा एक कोपरा, ‘ही जागा पक्षी व फुलपाखरांसाठी राखून ठेवली आहे’ अशी पाटी लावून, तसाच ठेवता येईल. त्या पाटीसाठी कोणाच्याही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.