पाहुण्याचे पान, यजमानाचा किनारा

गोमंतकीय माणसाला यजमानपणाची सवय आहे, पाहुणेपणाची तितकीशी नाही. वर्षानुवर्षे जग आमच्या दारी येते, आमच्या वाळूवर पहुडते, आमचे हुमण चाखते आणि निघून जाते. त्या येण्याजाण्याचे हिशेब आम्ही मांडतो, त्याच्या बऱ्यावाईट परिणामांवर सभा भरवतो, अग्रलेख लिहितो. परंतु आता आमचा मध्यमवर्गीयही प्रवासाला निघू लागला आहे. चार पैसे गाठीस साठले की उष्ण कटिबंधातील एखाद्या चिमुकल्या बेटावर आठ दिवस निवांत घालवावेत, असे त्यालाही वाटू लागले आहे. ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. जो सदैव यजमान असतो त्याने एकदा तरी पाहुणा होऊन पाहावे. दुसऱ्याच्या ओसरीवर बसल्यावाचून आपल्या ओसरीची किंमत कळत नाही.

मध्यंतरी मॉरिशस आणि त्याच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्ज या दोन बेटांवर काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. पहिले दोन दिवस किनाऱ्यावरील एका प्रशस्त हॉटेलात काढले. व्यवस्थेत म्हणावे असे काहीच उणे नव्हते. भोजनगृहात तीसचाळीस पदार्थ ओळीने मांडलेले असत. थंड समुद्रातले मासे होते, थंड मुलखातली सफरचंदे होती, नाना तऱ्हेचे पाव आणि चीजही होते. नव्हते ते एवढेच की, ज्या बेटावर आम्ही बसलो होतो त्या बेटाची चव त्यांत कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी वाढप्यास आम्ही सहज विचारले, ‘बाबा रे, तू स्वतः दुपारी काय खातोस?’ तो हसला आणि म्हणाला, ‘ते येथे मिळायचे नाही. बस धरून बाजारात जा आणि जिथे रांग दिसेल तिथे उभे राहा.’

इतका मोलाचा सल्ला आम्हांस कोणत्याही प्रवासी पुस्तकात मिळाला नव्हता. आम्ही बस धरली, राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात उतरलो आणि रांग शोधली. रांगेच्या टोकाला काचेची पेटी घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्या पेटीत रुमालासारख्या मऊ, पिवळसर, पातळ पुऱ्यांची चळत होती. दोन पुऱ्या एकावर एक ठेवायच्या, त्यांवर मोठ्या पांढऱ्या पावट्यांची आमटी, टोमॅटोचे कालवण आणि चटणी घालायची, गुंडाळी करून कागदात बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. हीच ती दालपुरी. रांगेत कचेरीतले कारकून होते, हमाल होते, शाळकरी मुले होती. हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती असे सारेच होते. बसायला जागा नव्हती. सर्वांनी उभ्यानेच खाल्ले. आम्हीही खाल्ले, आणि त्या दोन दिवसांत प्रथमच आपण कुठे आलो आहोत हे आम्हांस उमगले.

ही दालपुरी म्हणजे त्या बेटाचा इतिहास आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून त्याच्या आधीपासूनच इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ केला होता. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे तेथील धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. त्याच्या सोळा पायऱ्या अजून उभ्या आहेत आणि २००६ साली तो जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा, हे त्या आरंभीच्या मजुराचे मोल होते. त्या डाळीपासून बिहारी माउलीने जी पुरी लाटली ती आज साऱ्या देशाचे अन्न झाली आहे. मळेवाल्यांच्या मेजवान्या इतिहासजमा झाल्या. मजुराची शिदोरी मात्र राष्ट्राच्या ताटात येऊन बसली. या देशाने आपल्या स्वातंत्र्यासाठी १२ मार्च हा दिवस निवडला. १९३० साली महात्माजींनी दांडीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले तो हाच दिवस. १९६८ साली त्याच दिवशी मॉरिशस स्वतंत्र झाले. मिठासाठी निघालेल्या यात्रेचे स्मरण ठेवणाऱ्या देशाने डाळीच्या पुरीला मान द्यावा, हे आम्हांस फार शोभून दिसले.

गोमंतकीयाला तर त्या बाजारात पावलोपावली ओळखीच्या खुणा भेटतात. हरभऱ्याच्या डाळीचे मिरची घातलेले वडे तिथे ‘गातो पिमा’ या फ्रेंच वळणाच्या नावाने विकले जातात. सब्जाचे बी घातलेले दुधाचे थंड पेय ‘अलुदा’ म्हणून पुढे येते. ते आपल्या फालुद्याचेच भावंड. शेवग्याचा पाला लसूण-मिरचीवर परतून भाताबरोबर खातात, अळूची पाने खातात, नीरफणसाच्या फोडी तळून खातात. मोहरी, हळद, लसूण आणि शिरका यांत मुरवलेल्या तळलेल्या माशांना ते ‘विंदाय’ म्हणतात. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरचे विंदालू आणि हे विंदाय यांचे मूळ नाव एकच, पोर्तुगीज खलाशांनी जहाजांवरून जगभर नेलेले. या साऱ्या द्वीपसमूहाला मास्कारीन हे नाव पडले तेही पेद्रु मास्कारेन्यश या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून, जो पुढे १५५४ साली व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला. इतिहासाची जहाजे अशी एकाच बंदरातून सुटून कुठे कुठे लागतात!

आणि आमचे मराठी बांधव? मुंबई बंदरातून गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या मजुरांचे वंशज तेथे आहेत. घरात ते बहुधा क्रिओल बोलतात. पण मुलांना शाळेत मराठी शिकता येते आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. एका रविवारी फ्लिक-आन-फ्लाकच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, अशाच एका कुटुंबाने आम्हांस जेवायला बसवून घेतले. आजीबाईंना मराठीची दहाबारा वाक्येच येत होती. त्यांतले ‘अजून घ्या’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की बाकीच्यांची गरजच भासली नाही.

त्या रविवारचे दृश्य आम्ही विसरणार नाही. सुरूच्या सावलीत शेकडो कुटुंबांनी चटया अंथरल्या होत्या. घरून आणलेली भाताची पातेली, बिर्याणीची भांडी, मीठ-मिरची लावलेल्या अननसाच्या फोडी मधोमध ठेवल्या होत्या. एका बाजूस काही तरुण शेकोटीवर आपले ‘रावान’ नावाचे चामड्याचे वाद्य तापवून ताणून घेत होते. गुलामीत पिचलेल्यांनी निर्माण केलेले सेगा गायन त्यावर सुरू झाले, तेव्हा आम्हांस घुमटाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथे कोणी कोणाला खुर्चीचे भाडे मागत नव्हते, कोणी कोणाला उठवत नव्हते. पाहुणेही त्याच वाळूवर होते. परंतु ती वाळू यजमानांची होती, हे पाहताक्षणी समजत होते.

हे आपोआप घडलेले नाही. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांची, असा तेथील दंडक आहे. तिच्या मागची किनारपट्टी फ्रेंच अमदानीपासून सरकारी राखीव जमीन म्हणून चालत आली आहे. हॉटेलांना ती भाडेपट्ट्याने मिळते, आणि भांडणाचे मूळ तेथेच आहे. दक्षिणेकडील पोंपोनेत येथील सार्वजनिक किनारा हॉटेलासाठी देण्याचे घाटले तेव्हा ‘आमचे किनारे चोरू नका’ असे नावच धारण करून नागरिक उभे राहिले. त्यांची मागणी मोठी नव्हती. आठवडाभर ऊस तोडणाऱ्याला, कापड शिवणाऱ्याला आणि हॉटेलात पाहुण्यांचे पलंग आवरणाऱ्याला रविवारी समुद्राकडे तोंड करून आपले पातेले उघडता यावे, एवढीच ती मागणी होती. आमच्या मते स्वराज्याची याहून घरगुती व्याख्या करता येणार नाही.

रॉड्रिग्जवर आम्हांस याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. हे बेट जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचे. भोवतीच्या प्रवाळांच्या तटाने अडवलेला उथळ समुद्र खुद्द बेटाहून विस्तीर्ण आहे. ओहोटीला त्या गुडघाभर पाण्यात हाती लोखंडी सळई घेतलेल्या स्त्रिया उतरतात आणि खडकांच्या कपारींतून ऑक्टोपस टिपतात. ते काठ्यांवर वाळत घातलेले दिसतात. त्यांची कोशिंबीर आणि कालवण हे बेटाचे खास अन्न. बरोबर तेथील लाल घेवडा, लिंबाचे लोणचे आणि घाम फोडणारी मिरची. हॉटेले थोडी आहेत. प्रवासी बहुधा कुणाच्या तरी घरच्या ओसरीवर मांडलेल्या टेबलावर जेवतो. घरधनी सकाळी विचारतो आणि संध्याकाळी जे समुद्राने दिले असेल ते वाढतो.

पर्यटकांची भूक वाढली आणि समुद्र देईनासा झाला. ऑक्टोपस घटले, लहान पडू लागले. तेव्हा २०१२ साली त्या बेटाने दोन महिने ऑक्टोपसची शिकार बंद ठेवली. या काळात त्यावर पोट असलेल्यांना दुसरे काम देण्याची तजवीज केली. मुदत संपल्यावर हाती येणारे ऑक्टोपस वजनदार निघाले. बंदी दरवर्षीची झाली आणि २०१६ पासून मोठ्या मॉरिशस बेटानेही तो कित्ता गिरवला. पाहुण्याला नाही म्हणण्याचे धैर्य ज्या यजमानाजवळ असते त्याच्याच घरी पुढच्या वर्षीही पान वाढलेले सापडते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावाचून होडी न लोटणाऱ्या आमच्या पूर्वजांना हे शहाणपण परके नव्हते, आणि जून-जुलैतील आमची मासेमारीबंदी हे त्याचेच कायद्यातील रूप आहे. प्रश्न एवढाच की, ती बंदी आम्ही मनाने पाळतो की केवळ नाइलाजाने?

समुद्र आपला वाटतो की नाही याची कसोटी संकटात लागते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगत प्रवाळांवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल सांडले. त्या समयी महामारीमुळे देशाच्या सीमा बंद होत्या, हॉटेले ओस पडली होती. हजारो सामान्य लोक किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि ते काळ्या पाण्यात लोटले. ज्या उसासाठी त्यांच्या पणजोबांना जहाजात भरून आणले होते त्याच उसाच्या पाल्याने पणतवंडांनी आपला समुद्र अडवून धरला. रविवारी त्या वाळूवर ज्यांचे पातेले उघडते तेच लोक अशा वेळी धावून येतात.

आता थोडे आपल्याविषयी. मॉरिशसची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात आहे. २०१९ साली तेथे सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे माणशी एक पाहुणा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची वस्ती साडेचौदा लाखांहून थोडी अधिक भरली आणि २०१९ साली आमच्याकडे आले सुमारे ८० लाख. म्हणजे माणशी पाचांहून अधिक. या आकड्यांचा अभिमान बाळगणारे बाळगोत. आम्ही मात्र एवढेच विचारतो की, रविवारी सायंकाळी म्हापशाचा किंवा मडगावचा कुटुंबवत्सल गृहस्थ मुलाबाळांना घेऊन, डबा बांधून, कोणत्या किनाऱ्यावर निर्धास्तपणे चटई अंथरू शकतो? भाड्याच्या खाटांच्या दोन रांगांमधून वाट काढीत पाण्यापर्यंत जाऊन परतणे याला विसावा म्हणावयाचे काय? आणि किनाऱ्यावरच्या भोजनालयांत जगातील सारे पदार्थ मिळत असताना सुक्या सुंगटांची किसमूर आणि उकड्या तांदळाची पेज मागणाऱ्याला, ‘ते येथे मिळायचे नाही’ हेच उत्तर मिळणार काय?

अजून सारे काही गेलेले नाही. मांडवीच्या पात्रातील दिवाडी आणि चोडण या आमच्या बेटांवर आजही फेरीबोटीतून उतरले की जिवाला गारवा वाटतो. ती बेटे पाहुण्यांसाठी उघडावयाची असतील तर अवश्य उघडावीत. परंतु आधी तेथील माणसाचे पान, त्याची ओसरी आणि त्याचा काठ सुरक्षित करावा, मग पाहुण्याचा पाट मांडावा. हा क्रम उलटला की यजमान आपल्याच घरात वाढपी होऊन राहतो.

आणि प्रवासाला निघणाऱ्या आमच्या वाचकांस एक विनंती. कोणत्याही बेटावर उतरलात तर पहिल्याच दिवशी वाढप्याला विचारा, तो स्वतः कुठे जेवतो आणि रविवारी मुलांना घेऊन कुठे बसतो. तो दाखवील त्या रांगेत उभे राहा, तो सांगेल त्या झाडाखाली बसा. त्याला उत्तर देता आले तर ते बेट अजून त्याचे आहे, आणि म्हणूनच तुमच्याही विसाव्याचे आहे. परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या गावच्या किनाऱ्यावर उभे राहून स्वतःला विचारायला मात्र विसरू नका.