वारा फिरला की हरीण गेलं

 

आजचा विषय आहे हरणाची शिकार, आणि त्यात वारा काय करतो. आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या व्हाइट-टेल्ड डिअरबद्दल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. तिथे ठरलेल्या हंगामात परवाना काढून ही शिकार करता येते.

रायफलवाला शंभर-दोनशे मीटरवरून गोळी झाडू शकतो. पण धनुष्यबाण घेऊन बसलेल्याला हरीण वीस-तीस मीटरवर यावं लागतं. एवढ्या जवळ आलं की खेळ सगळा नाकाचा. हालचाल न करता झाडावर बसलात, तर हरणाचे डोळे फसू शकतात. फांदी मोडल्याचा आवाज ऐकून ते थबकेल आणि थोड्या वेळाने पुन्हा चरायला लागेल. पण माणसाचा वास आला, की दुसरा पुरावा लागत नाही. नाकातून जोरात फुर्र आवाज, शेपटी वर, तिची पांढरी बाजू चमकते आणि आसपासची सगळी हरणं पसार.

म्हणून पहिला नियम: वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा. समजा वारा पश्चिमेकडून वाहतोय. मग हरणांची पायवाट तुमच्या पश्चिमेला हवी आणि तुम्ही तिच्या पूर्वेला. तुमचा वास मागे पूर्वेकडे निघून जातो. अगरबत्तीचा धूर डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला बारीक रेघ, मग पसरत जाणारा पट्टा. तुमच्या अंगाचा वास तसाच पसरतो, फक्त दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे की! फोनवर वेदर ॲप उघडायचं, दिशा बघायची. इथेच गंमत आहे. ॲपमधला वारा साधारणपणे जमिनीपासून दहा मीटर उंचीचा, मोकळ्या जागेचा अंदाज असतो. तुम्ही मात्र घळीत, झाडांच्या गर्दीत बसलेले. तिथे वारा खडकाला आपटतो, वळतो, गोल फिरतो.

आणि डोंगर असला तर हिशोब आणखी बदलतो. शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे होते, आठवतंय? परीक्षेनंतर आपण विसरलो, पण या शिकाऱ्यांना ते रोज लागतात. सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापते आणि वर चढते. संध्याकाळी हवा थंड, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून दरीत वाहत येते. म्हणजे ऊन चढल्यावर हरणांच्या वरच्या अंगाला बसलेलं बरं, कारण वास वर निघून जातो. संध्याकाळी त्याच जागी बसलात, तर तुमचा वास थेट खाली, हरणांच्या नाकात. सगळ्यात फसवी वेळ म्हणजे हवा दिशा बदलते ती. पाच मिनिटांपूर्वी बरोबर असलेली जागा आता चुकीची.

हरणं हे सगळं वापरतात. बऱ्याचदा ती माथ्याच्या थोडं खाली, वारा आडोशाला असलेल्या उतारावर विसावतात. पाठीमागून माथ्यावरून येणारा वारा मागची खबर आणतो, दरीतून वर येणारी हवा खालची, आणि समोरचं डोळ्यांना दिसतं.

मग हा न दिसणारा वारा ओळखायचा कसा? तिथले शिकारी खिशात मिल्कवीडच्या बियांचे तंतू ठेवतात. एक तंतू सोडायचा आणि तो कुठे तरंगत जातो ते बघत बसायचं. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची भावकीच, दोन्ही एकाच कुळातल्या. लहानपणी ज्या म्हाताऱ्यांच्या मागे आपण धावायचो, तेच हे तंत्रज्ञान! बाटलीतल्या पावडरीची फुंकर दोन-चार हातांवर दिसेनाशी होते. म्हातारी दूरवर जाते आणि वारा कुठे वळला, कुठे खाली बसला, ते दाखवते.

यावर बाजारही मोठा आहे. बिनवासाचा साबण, कार्बनचे कपडे, स्प्रे. आंघोळ करून स्वच्छ कपडे घातल्याने वास थोडा कमी होतो, हे खरं. पण त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि श्वास तर थांबवता येत नाही. म्हणून मुरलेला शिकारी वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या जागी बसतच नाही. मला या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कौशल्य नेम धरण्यात आहेच, पण आज जायचं नाही हे ठरवण्यात त्याहून जास्त आहे. कारण एकदा वास लागला, की ते हरीण ती जागा लक्षात ठेवतं आणि दिवसाउजेडी तिथे यायचं टाळू लागतं.

आपल्याला याचा उपयोग काय? बुद्धपौर्णिमेला ताडोबा किंवा मेळघाटात मचाणावर रात्र काढायची असेल, तर परफ्यूम आणि सिगारेट नको, हे का सांगतात ते आता कळलं असेल. सांबर, भेकर, चितळ, सगळ्यांचं नाक असंच तिखट.

जाता जाता एक गोष्ट. जिम कॉर्बेटने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४ च्या पुस्तकात एक भन्नाट निरीक्षण नोंदवलंय. माणसाचं नाक किती कच्चं आहे, हे नरभक्षक वाघाला माहीत नसतं. तो आपल्यालाही हरीणच समजतो आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूने येतो, म्हणजे त्याचा वास आपल्यापर्यंत पोचू नये. कॉर्बेट त्यावरूनच धोका कुठल्या दिशेला आहे ते ओळखायचा. वारा समोरून येत असेल, तर धोका पाठीमागे. मग तो सरळ न चालता वाऱ्याला आडवा, नागमोडी चालायचा, म्हणजे धोका कधी उजवीकडे, कधी डावीकडे, पण नजरेच्या टप्प्यात.

पुढच्या वेळी टेकडीवर गेलात, की सूर्य मावळताना दहा मिनिटं थांबा. रुईची म्हातारी सापडली तर सोडा आणि कुठे जाते ते बघा. मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!