सबवूफरच्या पोर्टचा पाइप: किती जाड, किती लांब?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

आजचा प्रश्न रत्नागिरीच्या एका श्रोत्याचा आहे. ते लिहितात, "१० इंची स्पीकर घेतलाय, बॉक्स घरीच करतोय. पोर्टला तीन इंची पाइप लावू की चार इंची? आणि लांबी किती ठेवू? जो तो वेगळं सांगतो."

जो तो वेगळं सांगणारच, कारण प्रत्येकाचा बॉक्स वेगळा असतो. दुसऱ्याच्या पाइपचं माप आपल्या बॉक्सला चालत नाही. आज फक्त एक क्रम लक्षात ठेवा: आधी बॉक्स आणि वारंवारता ठरवा, मग पाइपची जाडी, आणि शेवटी लांबी. लांबी आपण निवडायची नसते, ती हिशोबातून येते.

पोर्ट करतो काय?

कोकणात बऱ्याच घरांत नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात. तोंडाशी फुंकर घातली की घागर घुमते. घागर मोठी असेल तर आवाज खर्जातला, लहान असेल तर जरा वरचा. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते, तोंडाजवळची हवा वजनासारखी पुढे-मागे हलते. सबवूफरचा बॉक्स म्हणजे घागरीचं पोट, आणि पाइप म्हणजे तिचा गळा. गळा लांब केला की हलणारी हवा जड होते आणि सूर खाली जातो. गळा रुंद केला की सूर वर जातो.

ही कल्पना काही नवी नाही. पोर्टवाल्या बॉक्सचं पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली मिळालं. पण नेमका हिशोब करायची रीत रुळली ती ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलेल्या कामामुळे. स्पीकरच्या कागदावर 'टी-एस पॅरामीटर' छापलेले असतात ना, ते याच दोघांच्या आडनावांवरून.

जाडी आधी का?

पाइप बारीक असेल तर तेवढीच हवा जास्त वेगाने धावते. वेग फार वाढला की पोर्टमधून 'फूस्स फूस्स' ऐकू यायला लागतं आणि बास वाढायचा थांबतो. ढोबळ मर्यादा म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ५ टक्के, सेकंदाला साधारण १७ मीटर.

उदाहरण घेऊ. बॉक्स ५० लिटरचा, ट्यूनिंग ३२ हर्ट्झ. समजा मोठ्या आवाजात पाइपमधली हवा एका दिशेला ४०० घन सेंटिमीटर सरकते. प्लंबिंगच्या दुकानातला ७५ मिलिमीटरचा पाइप आतून साधारण ७ सेंटिमीटर असतो. त्यात वेग जातो जवळजवळ २१ मीटरवर, म्हणजे फुसफुस नक्की. ११० मिलिमीटरचा पाइप आतून साधारण १०.४ सेंटिमीटर. त्यात तीच हवा साडेनऊ मीटरने जाते. प्रश्नच मिटला. (पाइपवर छापलेलं माप बाहेरचं असतं. आतलं माप दुकानातच पट्टी लावून घ्या, जाडीप्रमाणे ते बदलतं.)

मग आणखी जाड का नको? ते आता लांबीत कळेल.

लांबीचा हिशोब

कागद घ्या. पाइपच्या आतल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला २३५६२ ने गुणा. वारंवारतेचा वर्ग गुणिले बॉक्सचे लिटर, याने भागा. उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये.

आपल्या ५० लिटर, ३२ हर्ट्झच्या बॉक्सला उत्तरं अशी येतात:

– आतून ७ सेंटिमीटर: लांबी साधारण १७ सेंटिमीटर
– आतून १०.४ सेंटिमीटर: साधारण ४२ सेंटिमीटर
– आतून १५ सेंटिमीटर: साधारण ९३ सेंटिमीटर

बघा, सहा इंची पाइप घेतला तर तो बॉक्समध्ये मावतच नाही. बारीक फुसफुसतो, जाड मावत नाही. मधला चार इंची आपल्या कामाचा. श्रोतेमित्रा, तुमचाही बॉक्स याच्या आसपासचा असेल तर उत्तर हेच.

बॉक्स कापण्याआधी

५० लिटर म्हणजे हवेची रिकामी जागा. पाइपच आत जवळजवळ ४ लिटर खातो. स्पीकर, आधाराच्या पट्ट्या धरून आतलं माप ५८ लिटरच्या आसपास ठेवा. उदाहरणार्थ ३३ × ३४ × ५२ सेंटिमीटर. पाइप ५२ च्या बाजूने आडवा जाईल आणि त्याचं आतलं तोंड समोरच्या पाटीपासून ११-१२ सेंटिमीटर लांब राहील. निदान पाइपच्या व्यासाएवढी मोकळी जागा हवीच. स्पीकर लांब बाजूच्या पाटीवर बसवा, म्हणजे त्याचं चुंबक पाइपला आडवं येणार नाही.

आणि लाकूड? आपल्या दमट हवेत कच्च्या कडांचा एमडीएफ पावसाळ्यात फुगतो, सांधे सुटतात, आणि फटीतून हवा गेली की पोर्टचा हिशोब कोलमडतो. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या आणि कापलेल्या कडा सील करा.

ट्यूनिंग तपासायचं कसं?

पाइप तीनेक सेंटिमीटर लांबच कापा आणि आधी न चिकटवता बसवा. आपल्या बॉक्सला ३ सेंटिमीटरने फरक पडतो फक्त १ हर्ट्झचा, तेव्हा मिलिमीटरसाठी जीव टाकू नका. मोबाइलवर टोन जनरेटर लावा, आवाज कमी ठेवा आणि ४५ हर्ट्झपासून हळूहळू खाली या. जिथे स्पीकरचा कोन सगळ्यात कमी हलतो, ती तुमची ट्यूनिंग. ती हवी त्यापेक्षा खाली आली तर पाइप थोडा कापा.

आता महत्त्वाचं. ट्यूनिंगच्या खाली गेलं की बॉक्समधली हवा कोनला आधार देत नाही. २० हर्ट्झचा जोरदार सूर आला की कोन मोकाट सुटतो आणि कॉइल आपटते. स्पीकर जातो तो बहुतेक इथेच. ॲम्प्लिफायरला सबसॉनिक फिल्टर असेल तर तो ट्यूनिंगच्या थोडा खाली, २५-२८ हर्ट्झला लावा. नसेल तर आवाज आवरता ठेवा.

शेवटचं एक. कौलारू घरात बास लावला की कौलं, खिडक्यांच्या काचा, मांडणीवरची भांडी, सगळं साथ द्यायला लागतं, आणि दोष मात्र पोर्टवर येतो. बॉक्स अंगणात नेऊन तोच सूर वाजवा. खडखड थांबली तर पोर्ट निर्दोष आहे. फुसफुस तिथेही आली तर पाइपच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने गोल करा, आणि तरीही राहिली तर जाड पाइप घेऊन लांबीचा हिशोब पुन्हा करा.

तुमच्या बॉक्सचे लिटर आणि पाइपचं आतलं माप कळवा, पुढच्या भागात दोन-तीन हिशोब सोबत करू. तोवर रात्री दहानंतर बास बंद, शेजाऱ्यांना झोपू द्या. भेटूया!